श्वास रोखा, हलू नका

‘मुलगी सध्या काय करते?’ या प्रश्नाची नातेवाइकांना पचणारी उत्तरं ठरलेली आहेत. मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसी, आणि यातलं काहीच नसेल तर ‘नीट रिपीट करतेय’. माझी भाची ‘बीपीएमटी रेडिओग्राफी’ असं सांगू लागली तेव्हा लोक आधी ‘अरे वा!’ म्हणायचे आणि मग माझ्या बहिणीला बाजूला घेऊन विचारायचे, ‘म्हणजे रक्त तपासायचं ना?’ रक्तवाले ते डीएमएलटी, आम्ही एक्स-रे, सीटी, एमआरआयवाले, असा खुलासा झाला की विचारणाऱ्याचा चेहरा आणखीच चिंताक्रांत व्हायचा. ‘पण त्यात शिकायचं काय असतं? बटण तर दाबायचं!’

बटण दाबायचं असतं हे खरंच आहे. छातीचा एक्स-रे निघायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. तेवढ्यासाठी बारावी सायन्सनंतर तीन वर्षं अभ्यास, वर एक वर्ष इंटर्नशिप, आणि शेवटी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. कॉलेज आमच्या गावात असल्यामुळे भाची आमच्याकडेच राहिली आणि हा सगळा अभ्यासक्रम मला घरबसल्या, फी न भरता बघायला मिळाला. तो बघून माझं असं मत झालंय की किरण, यंत्र, बटण हे सगळं निमित्त आहे. त्या पोरांना प्रत्यक्षात दोनच गोष्टी शिकवतात. समोरच्या माणसाला क्षणभर स्थिर कसं उभं करायचं, आणि आपण गप्प कसं बसायचं. आमच्या घराण्यात या दोन्हींची परंपरा नाही.

पहिल्या वर्षी फिजिक्स. एक्स-रे ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने जाऊन टंगस्टनवर आदळतात आणि त्या सगळ्या आदळआपटीतून जेमतेम १ टक्का ऊर्जेचे एक्स-रे होतात. उरलेल्या ९९ टक्क्यांची नुसती उष्णता. ती सोसावी म्हणून तर टंगस्टन, जो ३४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. तोही एका जागी जळू नये म्हणून त्याची चकती मिनिटाला ३००० हून अधिक फेऱ्यांनी फिरवत ठेवायची. भाची हा धडा मोठ्याने पाठ करत होती. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आमचे वडील पेपरातून मान वर न काढता म्हणाले, ‘एक टक्का काम आणि नव्याण्णव टक्के गरमागरमी? स्थायी समितीची बैठक आहे ही. यात शोध कसला?’

मग डार्करूम. डेव्हलपरमध्ये मेटॉल आणि हायड्रोक्विनोन, तिथून पाणी, तिथून फिक्सर, पुन्हा धुणं, मग वाळवणं, आणि हे सगळं लाल दिव्याच्या उजेडात. जर्नलमध्ये त्या खोलीची सुबक आकृती काढायची, पट्टी लावून. प्रत्यक्षात दवाखान्यात सगळं डिजिटल झालेलं; एक्स-रे काढला की चित्र थेट स्क्रीनवर. डार्करूमच्या दारावरची पाटी तेवढी शाबूत आहे, आत मोडक्या खुर्च्या आणि फिनाइलचे कॅन. तरी व्हायवाला एक्स्टर्नल हमखास फिक्सरवर येतात. भाचीच्या मते यामागे शैक्षणिक कारण काही नाही. एक्स्टर्नलची उमेदीची वर्षं त्या अंधारात गेली आहेत, आणि माणूस आपल्या तरुणपणाविषयी बोलायला निमित्त शोधतोच.

खरी मजा पोझिशनिंगची. शरीराचा कुठला भाग कुठल्या कोनात ठेवला म्हणजे कुठलं हाड दिसतं, याचं हे शास्त्र, आणि त्यातल्या बहुतेक आसनांना स्वतंत्र नाव. काही डॉक्टरांची नावं: टाउन, वॉटर्स, कॉल्डवेल. काही नुसत्या नावाने घाबरवणारी: स्विमर्स व्ह्यू, फ्रॉग लेग. यातले कॉल्डवेल या किरणांच्याच दुष्परिणामांनी १९१८ मध्ये गेले. त्या पिढीत असे पुष्कळ गेले, म्हणून आजची मुलं बटण दाबताना शिशाच्या काचेमागे उभी असतात. भाची एरवी कशावरही विनोद करते, हे सांगताना करत नाही.

पहिल्या महायुद्धात मारी क्युरी यांनी सुमारे १५० बायकांना एक्स-रे काढायला शिकवून लढाईतल्या जखमींसाठी कामाला लावलं. त्या बिचाऱ्यांना सरावाला घरी कोण मिळालं कुणास ठाऊक. भाचीला आम्ही होतो. छातीच्या पीए व्ह्यूसाठी वडिलांना कपाटाकडे तोंड करून उभं केलं. हनुवटी वर, पंजे उलटे करून कमरेवर, कोपरं आणि खांदे पुढे. असं केलं की खवाटे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. ट्यूब सहा फुटांवर हवी, नाहीतर हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. आमच्या हॉलमध्ये सोफ्यामुळे सहा फूट मोकळे नाहीत, तेव्हा ट्यूब म्हणून मला स्वयंपाकघराच्या दारात उभं करण्यात आलं. ‘मोठं दिसलं तर दिसू दे,’ वडील कपाटाशी बोलावं तसं म्हणाले, ‘पेन्शनर माणसाच्या हृदयाचं तेवढंच कौतुक.’ वॉटर्स व्ह्यूला आईची पाळी. हनुवटी भिंतीला टेकलेली, नाक किंचित सुटं. नेमक्या तेव्हा शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. पण एरवी डब्यात काहीतरी घालून देणाऱ्या काकू त्या दिवशी रिकामा डबा ठेवून गेल्या.

दुसऱ्या वर्षी पोस्टिंग, म्हणजे सरकारी दवाखान्यातली सकाळची ओपीडी. इथे पुस्तक संपतं. पुस्तकात एवढंच आहे की रुग्णाला दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगावं. श्वास नीट भरला की फुप्फुसांखालचा पडदा उतरतो आणि मागच्या बाजूच्या दहा बरगड्या मोजता येतात. आठच भरल्या तर सिनियर स्क्रीनकडे न बघितल्यासारखं करून बघतात आणि म्हणतात, ‘रिपीट.’

आता ‘श्वास घ्या’ म्हटल्यावर माणसं काय करतात ते बघण्यासारखं असतं. काही जण खांदे कानांपर्यंत नेतात आणि श्वास घेतच नाहीत. काही जण ‘घेतला!’ असं खणखणीत कळवतात आणि कळवण्यात तो सगळा खर्च होतो. काही गाल फुगवून उभे राहतात. त्यांची हवा फुप्फुसांच्या एक मजला वरच थांबलेली असते. ‘रोखा’ म्हटल्याबरोबर मागे वळून ‘किती वेळ?’ विचारणारे असतात. ‘हलू नका’ म्हटलं की काय हलू नये हे तपासण्यासाठी सगळे अवयव एकदा हलवून बघणारे असतात. आणि एक आजोबा असे निघाले की एक्स-रे झाल्यावर पोरं ‘सोडा’ म्हणायला विसरली, तर ते श्वास धरून बाहेरच्या बाकापर्यंत चालत गेले आणि तिथून खुणेने विचारू लागले.

‘श्वास रोखा’ हे मराठी दवाखान्याच्या दाराबाहेर फारसं कुणी बोलत नाही, हे भाचीच्या लवकरच लक्षात आलं. तिने ‘दम धरा’ करून बघितलं. यंत्राच्या स्टँडला छाती लावून उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने तितक्याच शांतपणे उत्तर दिलं, ‘धरलाय की. सकाळी आठपास्नं बसलोय हितं.’ शेवटी सिनियरांनी आपलं ठेवणीतलं वाक्य दिलं: ‘विहिरीत बुडी मारताना घेता तसा घ्या.’ गावाकडची माणसं या वाक्याला लगेच दहा बरगड्या देतात. शहरातली विचारतात, ‘म्हणजे कसा?’

सगळ्यात गुणी रुग्ण म्हणजे रडणारं मूल. पुढचा टाहो फोडण्याआधी ते जो श्वास आत ओढतं तसा योगशिबिरातसुद्धा कुणी ओढत नाही. नेमका तो क्षण पकडून बटण दाबायचं. अडचण एवढीच की सोबतची आई त्याला गप्प करायला बघते, आणि इकडे आतून रेडिओग्राफर मनोमन म्हणत असतो, रडू द्या हो, छान रडतोय.

अशा वेळी मला बेर्ता रंटगेन बाईंचं कौतुक वाटतं. २२ डिसेंबर १८९५ ला नवऱ्याने, म्हणजे एक्स-रे शोधणाऱ्या रंटगेनने, त्यांच्या हाताचा एक्स-रे काढला तेव्हा त्यांनी पंधरा मिनिटं हात हलवला नाही म्हणतात. एवढं करून त्या जगप्रसिद्ध चित्रात बोटातली अंगठी तशीच आहे. भाचीने तो फोटो पुस्तकात पहिल्यांदा बघितला तेव्हा इतिहास वगैरे काही तिच्या मनात आलं नाही. ‘दागिना काढलेला नाही, उजवा-डावा मार्कर नाही,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडे सबमिशनला परत पाठवतील.’

दागिन्यांचा तर वेगळा पेपर असायला हवा. ‘गळ्यातलं काढा’ म्हटलं की मंगळसूत्र सरकवून पाठीवर टाकलं जातं. एक्स-रेला पुढचं आणि मागचं सारखंच दिसतं, हे कुणाला पटत नाही. जिवात जीव असेपर्यंत काढणार नाही असं ठरवलेल्या बायका ते तोंडात धरतात. याचा एक फायदा असा की त्यांना श्वास रोखून बोलता येत नाही. पुरुषांचा करदोडा हा पोटाच्या एक्स-रेतला नेहमीचा पाहुणा. मुतखडा शोधायला निघालेल्या डॉक्टरांना आधी कमरेची चांदी सापडते. पण सगळ्यात खोडसाळ म्हणजे वेणी. खांद्यावर रुळणारी जाड वेणी फुप्फुसाच्या टोकावर अशी सावली पाडते की तिथे टीबीचा डाग आहे असं वाटावं. म्हणून केस वर बांधायला सांगायचे. एका आजींनी पदर सावरत, केस वर घेत विचारलं, ‘अशी चांगली दिसेन का गं फोटोत?’ भाची म्हणाली, ‘आजी, फोटोत केस येणारच नाहीत.’ आजी म्हणाल्या, ‘मग बांधू कशाला?’ या प्रश्नाचं बिनतोड उत्तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात नाही.

वॉर्डातल्या खिळलेल्या रुग्णांसाठी पोर्टेबल मशीन असतं. ते पोर्टेबल आहे असं म्हणणाऱ्याने ते कधी ढकललेलं नसावं. ते कॅज्युअल्टीच्या उतारावरून खाली नेणं आणि वर आणणं हा विद्यार्थ्यांचा व्यायाम. सोबत वॉर्डबॉय असतात, त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. या पोस्टिंगनंतर भाची मला घरात ‘मामा, जरा तिकडून धरा’ असं म्हणू लागली तेव्हा तिला नक्की कोणता मामा अभिप्रेत आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही. तर मशीन वॉर्डात शिरतं आणि ती ओरडते, ‘एक्स-रे!’ त्यासरशी वॉर्ड रिकामा. सिस्टर जातात, मावशी झाडू तिथेच टाकून जातात, मघापासून ‘मला अजिबात वेळ नाही’ म्हणणारे रेसिडेंट डॉक्टर सगळ्यांच्या पुढे असतात. भेटीची वेळ संपली म्हणून सिक्युरिटीने हात जोडले तरी न हलणारे नातेवाईक दोन सेकंदांत जिन्यापर्यंत पोचतात. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथाईवर येते, हा नियम पोरं घोकून पाठ करतात. नातेवाइकांना तो उपजत येतो. ते कँटीनपर्यंत जातात. मागे उरतो तो ज्याचा एक्स-रे काढायचाय तो, आणि चार-पाच किलोचं शिशाचं एप्रन घातलेली एक मुलगी.

त्या एप्रनच्या आत, छातीवर, एक टीएलडी बॅज असतो. लोकांना ते ओळखपत्र वाटतं. त्यात किरण मोजणाऱ्या तीन टिकल्या असतात, दर तीन महिन्यांनी तो वाचायला पाठवायचा, आणि मग या पोरीने तेवढ्या काळात किती रेडिएशन घेतलं याचा आकडा येतो. आपल्याकडे मर्यादा आहे वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, पाच वर्षांचा हिशेब धरून, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. हे बघायला मुंबईत अणुऊर्जा नियामक मंडळ बसलेलं आहे. एप्रन खोलीत टांगून ठेवायचं आणि बॅज त्यालाच लावलेला विसरायचा, असं कुणी केलं की तो बॅज दिवसभर स्वतःच किरण खातो आणि पुढे खुलासा मागणारं पत्र येतं. वर्गातल्या एका मुलाच्या नावावर असा आकडा आला तेव्हा त्याच्या आईने सत्यनारायण घातला. मुलगा त्या दिवशी रजेवर होता.

आमच्या मावशींना मात्र या सगळ्यात एकच चिंता. ‘हिला स्थळं येतील ना? त्या किरणांनी पुढे काही...’ वाक्य त्या कधी पुरं करत नाहीत. भाचीने एकदा त्यांना समजावून सांगितलं की छातीच्या एका एक्स-रेत जेवढं रेडिएशन मिळतं तेवढं माती, आकाश, खाणंपिणं यांतून प्रत्येकाला काही दिवसांत फुकट मिळतच असतं. मावशींनी आकाशाकडे संशयाने बघितलं. मग भाचीने बॅजचा रिपोर्टच पुढे केला. ‘आजी, माझं रेडिएशन किती ते माझ्याकडे कागदावर आहे. बघायला येईल त्या मुलाला त्याचं आणायला सांगा.’

माणसाला स्थिर करणं एकवेळ जमतं, पण गप्प बसणं ही विद्या त्याहून अवघड. एक्स-रेवर मत देण्याचं काम डॉक्टरांचं. काढणाऱ्याने काढायचा आणि पुढे पाठवायचा. नियम म्हणून सोपा आहे. पण स्क्रीनवर चित्र उमटलं की रुग्ण तिकडे बघतच नाही, तो तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. ‘काय निघालं?’ तुम्ही हसलात तर तो म्हणतो, सुटलो. गंभीर झालात तर तिथेच मटकन बसतो. म्हणून चेहरा कसाही दिसणार नाही असा ठेवायचा सराव असतो, जो कुठल्याही जर्नलमध्ये लिहून घेत नाहीत. ‘डॉक्टर सांगतील’ हे उत्तर. त्यावर लोक काय काय युक्त्या करतात! ‘सांगू नका, नुसती मान हलवा.’ ‘आमच्या गावचीच ना तुम्ही?’ ‘बरं, तुमच्या वडिलांचा असता तर काळजी केली असती का?’ एका बाईंनी तर भाचीचा उतरलेला चेहरा बघून डोळ्यांना पदर लावला. कॉलेजच्या कँटीनमध्ये दुपारी पुन्हा दुधी आहे हा निरोप तिला तेवढ्यात मोबाइलवर आला होता. पण तो उलगडा करायचा म्हणजे ‘काळजीचं काही नाही’ असं बोलावं लागतं, आणि ते बोलायची परवानगी नाही.

या धंद्याचा मूळपुरुषही गप्प बसण्याबद्दल प्रसिद्ध असावा हे मला फार शोभून दिसतं. नेदरलँड्समध्ये, उट्रेख्टला शिकत असताना कुणीतरी एका शिक्षकाचं व्यंगचित्र काढलं. ते काढणारा दुसराच होता, पण रंटगेनने नाव सांगितलं नाही, असं म्हणतात, आणि शाळेने यालाच काढून टाकलं. पुढे ८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्झबुर्गच्या प्रयोगशाळेत त्याला हे नवे किरण दिसले, तर तिथेही काही आठवडे एकट्यानेच खात्री करत बसला. पेटंट घेतलं नाही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं. दर ८ नोव्हेंबरला कॉलेजात रेडिओग्राफी दिन असतो. प्रमुख पाहुणे, हाताच्या सांगाड्याची रांगोळी, आणि न बोललेल्या माणसाच्या स्मरणार्थ साडेतीन तास भाषणं.

नातेवाईक आता तिला ‘रक्त तपासते’ म्हणत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे पाठवतात. खिडकीला फिल्म धरून काढलेले फोटो. त्यात गुडघ्यापेक्षा ग्रिल स्पष्ट येतं, मागे वाळत घातलेला टॉवेल येतो, आणि खाली प्रश्न: ‘गॅप आहे का?’

सध्या इंटर्नशिप चालू आहे. ऑर्थोपेडिक्सचे एक रेसिडेंट आहेत, ज्यांनी या पोरांना वर्षभर छळलं. ‘रोटेशन आहे, रिपीट.’ ‘कोपर नीट वळवलं नाही, रिपीट.’ ‘पेशंट हलला? मग तुम्ही काय करत होता?’ परवा हॉस्टेलच्या क्रिकेटमध्ये झेल घेताना ते हातावर पडले आणि मनगट धरून रात्री एक्स-रे खोलीत आले. ड्यूटीवर भाची. मनगटात आठ बारीक हाडं असतात, त्यातलं स्कॅफॉइड मोडलं तर पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही, आणि तसं असेल तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. हे सगळं सरांना ठाऊक असल्यामुळे त्यांचा जीव आणखी खाली-वर होत होता. तिने मनगट टेबलावर ठेवलं, किंचित करंगळीकडे वळवलं, मार्कर ठेवला आणि काचेमागे गेली. ‘सर, हलू नका.’ सर हलले. ‘रिपीट,’ भाची म्हणाली. दुसऱ्या वेळी ती बटणावर बोट ठेवून थांबली, तर सरांनी मान वळवून विचारलं, ‘झाला?’

तिसऱ्या वेळी निघाला. सर उठून स्क्रीनपाशी आले, पण सोबतच्या दोन इंटर्ननी तोवर तिथे गर्दी केली होती. त्यांच्या खांद्यांवरून डोकावता डोकावता सरांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

‘काय निघालं?’

‘डॉक्टर सांगतील, सर.’

सरांनी प्रिंट मागून घेतली, डाव्या हाताने ट्यूबलाइटकडे धरली आणि भुवया आवळून बराच वेळ बघत राहिले. उलटी धरली होती. भाची गप्प बसली.